विश्लेषण : मुंबईदर्शनात पक्षी पाहायचे तर तिथी का पाहावी?

गेटवे, घारापुरी, अटल सेतू आणि मग फ्लेमिंगो. हिवाळ्यात मुंबई पाहायला येणाऱ्यांच्या यादीत आता या गुलाबी पाहुण्यांचेही नाव असते. पण शिवडीच्या धक्क्यावर जाऊन नुसता चिखल पाहून परतणारेही बरेच. पक्षी आलेले असतात, चुकते ती वेळ. ही वेळ घड्याळ नव्हे, समुद्र ठरवतो.

भरतीचा संबंध काय?

ओहोटीला ठाणे खाडीत चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. चिखलातले शेवाळ, किडे आणि बारीक खेकडे हेच रोहित (फ्लेमिंगो), पाणटिवळे, तुतारी यांचे ताट. पूर्ण ओहोटीला पाण्याची कड फार दूर जाते. बहुतेक पक्षी तिच्यासोबत जातात आणि दुर्बिणीतूनही फक्त गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागले की तेच थवे काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी उडून जातात. म्हणजे जवळून पाहण्याची खरी संधी भरती पूर्ण होण्याआधीचे दोनेक तास, किंवा ओहोटी लागल्यानंतरचे तेवढेच.

वेळ कशी काढायची?

मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतातच. पण कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अधिक सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून शिवडीला सकाळी आठच्या सुमारास पोहोचावे. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास. अष्टमीला ती सकाळी आणि संध्याकाळी सहाला, त्यामुळे भर दुपारी गेल्यास चिखलच नशिबी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण टॅक्सी ठरवायला तेवढा पुरतो.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटींचे वेळापत्रकही भरतीप्रमाणे बदलते. पाणी उतरल्यावर खाडीत बोट चालणार कशी? आधी चौकशी आणि आरक्षण केलेले बरे.

गेटवेच्या लाँचमागे उडणारे ‘सीगल’ कोण?

ते कुरव. त्यांच्यासाठी तिथी पाहावी लागत नाही, लाँचचे तिकीट पुरे. त्यांपैकी तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वीण करून हिवाळ्यात इथे येतात. मुंबईत असताना डोके पांढरे आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका, त्यामुळे नाव वाचून ओळखायला जाणारा हमखास फसतो. लाँचवरून त्यांना कुरकुरे आणि गाठी भरवण्याची टूम मात्र वाईट. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तेल-मिठाचा खाऊ कशाला?

भरतीच्या वेळी पक्षी जातात कुठे?

खरा प्रश्न हाच आहे. चिखल बुडाला की हजारो पक्ष्यांना उथळ पाण्याची, निवांत उभे राहता येईल अशी जागा लागते. भांडुप उदंचन केंद्राजवळची तळी, नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा आणि डीपीएस तलाव या अशा विश्रांतीच्या जागा. पर्यटकाच्या दृष्टीने तर त्या शिवडीहून सोयीच्या, कारण पूर्ण भरतीला पक्षी तिथे हाकेच्या अंतरावर उभे असतात.

खाडीला संरक्षण मिळाले आहे. सुमारे १,६९० हेक्टरचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झाले, २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. नवी मुंबईतली ही तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली आणि त्यांच्या भोवती इमारती वाढल्या. म्हणजे जेवणाची जागा राखीव आणि विश्रांतीच्या जागेवर बिल्डरचा डोळा, असा हा प्रकार. २०२४मध्ये डीपीएस तलावात खाडीचे पाणी येणे थांबले, तलाव कोरडा पडू लागला आणि परिसरात फ्लेमिंगो मृतावस्थेत आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून अधिक फ्लेमिंगो मरण पावले. विश्रांतीच्या जागा विस्कटल्याने थवे भरकटले, असे पर्यावरणप्रेमींचे म्हणणे होते. पुढे २०२५मध्ये सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. आता तिथे भरतीचे पाणी नियमित आत येते की नाही, हे काठावर उभे राहून कोणालाही पाहता येईल.