भाच्याने चहा नाकारला तेव्हा

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या स्नानसंस्काराला धर्ममाता म्हणून मीच त्याला हातांवर घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सानंतर तो घरी आला. मी नेहमीप्रमाणे चहा पुढे केला, तर म्हणाला, "मावशी, मी चहा सोडला." पित्त वगैरे झालं का, विचारलं. तेव्हा खाली बघत म्हणाला, "मी मॉर्मन होतोय. शनिवारी बाप्तिस्मा आहे. येशील?"

मी गेले नाही. "तुझा बाप्तिस्मा मी केव्हाच पाहिलाय," एवढंच बोलले.

पुढे घरात आणि चर्चच्या आवारात जे बोललं जातं तेच बोललं गेलं. पैसे मिळाले असतील, अमेरिकेला जायचं असेल. मीही त्यात होते. पण पस्तीस वर्षं पॅरिशच्या शाळेत इतिहास शिकवला. माहिती नसताना निकाल देऊ नये, हे मुलांना मीच सांगत आले. म्हणून वाचायला बसले.

पहिलं कळलं ते हे की, त्यांच्यात मिळण्यापेक्षा द्यावंच अधिक लागतं. कमाईचा दहावा भाग चर्चला, शिवाय चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद. हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापला. १८४४ मध्ये जमावाने त्यांना तुरुंगात गोळ्या घालून मारलं. अनुयायी घरंदारं सोडून पश्चिमेला निघाले आणि १८४७ च्या जुलैत आजच्या युटामधल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले.

त्यांचे प्रचारक इंग्लंडला १८३७ मध्येच गेले होते. प्रेस्टन गावच्या नदीत पहिले नऊ बाप्तिस्मे झाले. १८५१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तीस हजारांवर मॉर्मन होते, खुद्द युटापेक्षा जास्त. बहुतेक गिरणीकामगार, कारागीर, गरीब माणसं. बैलगाडी परवडेना म्हणून १८५६ मध्ये शेकडो कुटुंबं सामान हातगाडीवर लादून सुमारे दोन हजार किलोमीटर चालत निघाली. उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना बर्फाने गाठलं; दोनशेहून अधिक माणसं वाटेत गेली. लोभाने कोणी असं चालत नाही.

सगळंच गोड नव्हतं. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलं आणि पुष्कळांचं मन विटलं. ती चाल १८९० मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. त्याच १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे प्रचारक मुंबईला उतरले, पुढे पुण्यातही छोटीशी मंडळी जमली. पण १८५६ पर्यंत हिंदुस्थानातलं ते काम थांबलं.

आपल्या हैदराबादेत ते रुजलं १९७८ च्या डिसेंबरात. सामोआ बेटावर नोकरीला असलेले कीटकशास्त्रज्ञ एडविन धर्मराजू आणि पत्नी एल्सी यांनी तिकडे हा पंथ स्वीकारला होता. इथे येऊन त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं. बावीस जणांचा बाप्तिस्मा झाला. एल्सीबाईंचे वडील बॅप्टिस्ट पाळक. त्यांनी मुलीला दार बंद केलं नाही. 'मॉर्मनच्या पुस्तका'चं तेलुगू भाषांतर करायला बसले. २०१२ साली भारतातला त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे आपल्या धर्मप्रांतासारखा विभाग, इथेच झाला.

मला त्यांची शिकवण पटलेली नाही. त्रैक्याबद्दलची त्यांची समजूत आपल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून व्हॅटिकनने २००१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं ठरवलं. तेही आपला मानत नाहीत. माझ्या हातांवर झालेला संस्कार भाच्याने मोजला नाही, हे अजून बोचतं.

पण नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या सोयऱ्यांनाही असंच बोचलं असेल. लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. टिळकांना आपण मोठे म्हणतो, ते आपल्याकडे आले म्हणून. आपल्यातून कोणी गेलं की मात्र तो विकला गेला!

बहीण अजून मुलाशी नीट बोलत नाही. येत्या डिसेंबरात त्याचं लग्न आहे, त्यांच्याच चर्चमध्ये. ती हे पान दर आठवड्याला वाचते, म्हणून इथे लिहिलं. बाई गं, मी जाणार आहे. तूही चल. चहा मिळणार नाही, तो आपण घरून पिऊन निघू.