शासकीय निविदा आणि लहान रसशाळा

लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावी चूर्णे, आसवे सिद्ध करणाऱ्या वैद्यास शासकीय पुरवठा हा मोठ्या कंपन्यांचाच प्रांत वाटतो. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने हा समज एव्हाना दूर व्हावयास हवा होता. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के (२०१८ पूर्वी २० टक्के) सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. त्यांना निविदापत्र विनामूल्य मिळते, बयाणा रक्कम माफ असते. न्यूनतम दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असेल, तर त्या न्यूनतम दराने पुरवठ्याचा काही भाग स्वीकारता येतो.

मात्र ही सवलत निर्मात्यास आहे, विक्रेत्यास नव्हे. इतरांची औषधे विकणाऱ्या औषधालयाने 'उद्यम' नोंदणीच्या बळावर ती मागणे व्यर्थ होय. निर्मात्यासही औषधनिर्मितीचा परवाना व अनुसूची 'टी'चे पालन अनिवार्यच. गुणवत्तेत सूट नाही, नसावीही. राज्य शासनाच्या निविदांचे नियम निराळे, ते स्वतंत्रपणे वाचावेत.

खरी कसोटी देयकाची. लहान रसशाळेचे भांडवल आवळा, गूळ, तूप यांतच गुंतलेले असते. एक देयक रखडले की पुढचा हंगाम हुकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार कमाल ४५ दिवसांत मूल्य मिळावयास हवे. अन्यथा बँक दराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. नोंदणी कराराआधीच करावी. माल स्वीकारल्याची दिनांकित पोच जपून ठेवावी. दिवसांची मोजणी तिच्यावरूनच होते.