केकसाठी गोल्डन सफरचंद

घरी सफरचंदाचा केक करायचा ठरला की टोपलीतले सर्वांत लाल आणि चकचकीत फळ निवडले जाते. दिसायला ते उत्तमच असते, पण भट्टीच्या उष्णतेत त्याचा निभाव लागत नाही. आपल्या बाजारात येणारी बहुतेक लाल सफरचंदे डेलिशस गटातील असतात : रेड, रॉयल, रिच-अ-रेड. ही फळे चिरून ताजी खाण्याची. त्यांत गोडी भरपूर आणि आम्लता बेताची असते. शिजल्यावर त्यांची चव मवाळ होते आणि गर पिठूळ लागतो. केकला लागते ते साखरेशी सामना करू शकेल इतके आंबटपण असलेले आणि उष्णतेतही फोडीचा आकार टिकवणारे फळ. ग्रॅनी स्मिथ हे हिरवे सफरचंद या कसोटीला उतरते. परंतु आपल्याकडे ते बहुतांशी परदेशातून येते आणि महाग असते. देशी बागांतून येणारे व सहज परवडणारे फळ म्हणजे पिवळे गोल्डन डेलिशस.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने पाककृतीत लक्ष घालावे, याचे कारण हे गोल्डनचे झाड आहे. हिमाचल आणि काश्मीरच्या बागांत ते मुख्यतः फळासाठी लावले जात नाही. लाल सफरचंदांना परागकण पुरवणे हे त्याचे खरे काम.

सफरचंदाचे फूल स्वतःच्या परागकणांनी सहसा फळत नाही. त्याच झाडाचे काय, त्याच वाणाच्या दुसऱ्या झाडाचे परागकणही कुक्षीवर पडले तरी त्यांची नलिका बीजांडापर्यंत पोहोचण्याआधीच रोखली जाते. रॉयल किंवा रिच-अ-रेड ही नावे निराळी असली, तरी ती मूळ डेलिशसच्याच फांद्यांवर उद्भवलेल्या बदलांतून आली आहेत. त्यामुळे ती एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. गोल्डनचे मात्र डेलिशसशी नावापलीकडे नाते नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका शेतावर ते झाड सापडले आणि १९१४ साली स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने ते विकत घेतले. याच रोपवाटिकेचे रेड डेलिशस सॅम्युअल स्टोक्स, म्हणजेच पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढ भागात रुजवले. हिमाचलातील व्यापारी सफरचंदशेतीचा पाया तेथे घातला गेला. तांबड्या फळाला पिवळ्या झाडाची सोबत लागते, हे पुढे बागवानांच्या अंगवळणी पडले.

सफरचंदाचे परागकण जड व चिकट असतात. वाऱ्याच्या भरवशावर ते दूर जात नाहीत. ते काम मधमाश्या, भुंगे, फुलमाश्या यांचे. एप्रिलमधल्या थंड सकाळी आपली देशी सातेरी माशी युरोपीय मेलिफेरा माशीच्या आधी कामाला लागते, हे डोंगरी बागांत ठळकपणे दिसते. माशीला मात्र आपल्या शास्त्राशी देणेघेणे नसते. ती जवळच्या झाडावरून जवळच्या झाडावर जाते. परागदाता झाड चार ओळी पलीकडे असेल, तर शेकडो माश्या येऊनही हाती विशेष काही लागत नाही. बागेतील झाडांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा परागदात्या वाणांचा असावा, अशी शिफारस केली जाते. अनेक बागांत तो त्याहून बराच कमी आहे, आणि तेथेच घोडे अडते. बहराच्या दिवसांत भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या आणणारे आणि गोल्डनच्या फुललेल्या फांद्या पाण्यात ठेवून लाल झाडांना टांगणारे बागवान डोंगरात भेटतात. ही तजवीज कौतुकास्पद खरी. पण मुळात ती झाडे कमी का झाली?

कारण बाजारात आहे. आपल्या ग्राहकाला सफरचंद म्हणजे लाल फळ, हे पक्के ठाऊक असते. गोल्डनची साल पातळ असल्याने ते साठवणीत लवकर सुरकुतते आणि वाहतुकीत त्यावर डाग दिसतात. साहजिकच त्याला लालपेक्षा कमी भाव मिळतो, आणि बागवानाला ते झाड जागा अडवणारे वाटू लागते. त्याने फांदी छाटली वा झाडच काढले, तर त्याला दोष देता येणार नाही. केकसाठी गोल्डन मागणारे ग्राहक वाढले तर हे गणित थोडे तरी बदलेल.

फळ चिरताना एक गोष्ट अवश्य पाहावी. सफरचंद देठापासून खाली न कापता आडवे कापा. मध्यभागी पाच कप्प्यांची चांदणी दिसते. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन, म्हणजे सगळ्या मिळून दहाच्या आसपास बिया असू शकतात. ज्या बाजूच्या बिया भरलेल्या नसतात, तेथील गर कमी वाढतो आणि फळ त्या अंगाला वाकडे होते. वाकडे फळ चवीला वाईट नसते. ती एप्रिलमधल्या एखाद्या पावसाळी आठवड्याची किंवा दूर राहिलेल्या परागदाता झाडाची खूण असू शकते.

केकसाठी निर्दोष फळ घेण्याची गरज नाही, मात्र डाग ओळखता यायला हवेत. गोल्डनच्या सालीवर, विशेषतः देठाजवळ, गंजासारखा तपकिरी खरबरीतपणा येतो. तो सालीपुरताच असतो. काजळीसारखे पट्टे आणि माशीच्या विष्ठेसारखे बारीक काळे ठिपके या वरवर वाढणाऱ्या बुरश्या आहेत. सालीसह त्या निघून जातात. सॅन होजे खवल्याच्या राखाडी ठिपक्याभोवती लाल वलय उमटते, तेही सोलून टाकता येते. गारांचा वाळलेला खड्डा चमच्याने कोरून काढावा. अशी फळे हलक्या प्रतीत जातात. हिमाचलात २०२३ च्या हंगामात बाजार हस्तक्षेप योजनेखाली सफरचंदाचा खरेदी दर किलोला १२ रुपये होता. शहरातल्या दुकानातील दराशी त्याची तुलना वाचकांनीच करावी.

मऊ, पाणचट कुजलेल्या फळाबाबत मात्र काटकसर नको. पेनिसिलियम एक्सपॅन्सम या निळसर हिरव्या बुरशीपासून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते. ते कुजलेल्या भागाबाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरते आणि भाजण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. सफरचंदाच्या रसात त्याचे प्रमाण किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा नियम आहे. असे फळ अख्खेच टाकून द्यावे.

आता केक. मध्यम आकाराची तीन गोल्डन सफरचंदे सोलून, बिया काढून घेतली की सुमारे ३५० ग्रॅम गर मिळतो. एक फळ किसावे, दोहोंच्या सेंटिमीटरभर फोडी कराव्यात आणि सगळ्यावर एक चमचा लिंबाचा रस चोळावा. गर काळा पडत नाही. १२० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम कणीक, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, एक छोटा चमचा दालचिनीची पूड व चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. दोन अंडी व १३० ग्रॅम साखर फेसून त्यात १०० मिलिलिटर तेल घालावे. मग पीठ, शेवटी सफरचंद आणि ५० ग्रॅम अक्रोडाचे तुकडे. पीठ पडल्यावर फेटत बसू नये, केक चिवट होतो. मिश्रण घट्ट वाटले तरी दूध घालण्याचा मोह टाळावा. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, ते भाजताना सुटतेच. अंडे नको असेल तर १५० ग्रॅम दही आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा. तेव्हा बेकिंग पावडर निम्मी पुरते.

२० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात, १८० अंश सेल्सिअसला ४५ ते ५० मिनिटे लागतात. ओव्हन नसेल तर मोठ्या कुकरच्या तळाला मीठ पसरून, झाकणाची रिंग व शिट्टी काढून, मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावे. सिमल्यासारख्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने केक झपाट्याने फुगून मध्यभागी बसतो. तेथे बेकिंग पावडर पाव हिश्शाने कमी करावी. सुरी घालून पाहताना ती ओलसर निघाली तर ते कच्चे पीठ आहे की सफरचंदाची फोड, हे बोटाने दाबून पाहावे.

हा केक दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, कारण फोडींतला ओलावा सभोवती मुरतो. त्याच ओलाव्यामुळे कोकणासारख्या दमट हवेत तो दोन दिवसांपलीकडे बाहेर ठेवू नये. गोल्डन फळे साधारण सप्टेंबरच्या सुमारास बाजारात येतात. सुरकुतलेली असली तरी घ्यावीत. त्यांतले थोडे पाणी आधीच उडालेले असते आणि केकला त्याचा फायदाच होतो.