गरम केमोने कॅन्सर धुऊन निघत नाही

‘ऑपरेशनच्या वेळीच पोटात गरम केमो सोडली की कॅन्सर धुऊन निघतो, पुढे केमोची गरज नाही.’ जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक हे अगदी खात्रीने एकमेकांना सांगतात. समज मुळातच चुकीचा, आणि त्यापायी पुढची केमो कोणी टाळली तर जिवावर बेतणारा.

या उपचाराला डॉक्टर ‘हायपेक’ म्हणतात. शल्यविशारद आधी दिसतील तेवढ्या गाठी काढतात. मग ४१ ते ४३ अंशांना तापवलेलं औषध नळ्यांमधून उदरपोकळीत अर्धा ते दीड तास फिरवतात. पण ते ऊतींमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतं. जाड गाठ मागे राहिली, तर तिच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. रक्तावाटे यकृतात, फुप्फुसात गेलेल्या पेशींसाठी तर शिरेतून दिलेली केमोच हवी.

पुरावा हवा? जर्मनीतल्या ‘गॅस्ट्रीपेक’ चाचणीत उदरावरणावर कॅन्सर पसरलेले १०५ रुग्ण होते. शिरेतली केमो दोन्ही गटांच्या उपचारात होती. हायपेक एकाच गटाला. निम्मे रुग्ण किती काळ जगले, याचा आकडा दोन्हीकडे एकच आला: १४.९ महिने. आजार पुन्हा वाढायला मात्र हायपेकच्या गटात ३.५ ऐवजी ७.१ महिने लागले. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी लवकर थांबली, त्यामुळे हा अंतिम निवाडा नव्हे. पण ‘धुऊन निघतो’ म्हणायला यात आधार कुठे आहे?

नुसतं धुण्याचीही परीक्षा झाली आहे. आशियातल्या ८०० रुग्णांच्या ‘एक्स्पेल’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर पोट दहा लिटर सलाइनने धुतलं. आयुष्य वाढलं नाही.

‘अमक्याला हायपेकने फायदा झाला की!’ होतो, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये. २०१८च्या डच चाचणीत निम्मे रुग्ण किती काळ जगले, याचा आकडा ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेला. तो निकाल जठराला कसा लावणार?

असेच आणखी काही समज आहेत. ‘पोटातली केमो अंगाला लागत नाही.’ लागते, हायपेकमध्ये वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन हे औषध रक्तात उतरतं, मूत्रपिंडं जपावी लागतात.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ जठराचा कॅन्सर बरा करण्याचा मुख्य मार्ग शस्त्रक्रियाच आहे.

‘ऑपरेशनआधी केमो, म्हणजे केस हातची गेली.’ उलट, शस्त्रक्रिया शक्य असलेल्यांनाच ती अशी देतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७१६ रुग्णांच्या जर्मन चाचणीत ‘फ्लॉट’ औषधं शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दिली. जुन्या औषधांवर निम्मे रुग्ण ३५ महिन्यांपलीकडे जगले होते, फ्लॉटवर ५० महिन्यांपलीकडे. फ्लॉटची सगळी औषधं शिरेतून दिलेली होती.