कान दाखवले, मनाचं काय?

माझं माहेर गोकाकचं, कन्नड. सासर बेळगावचं, मराठी. त्यामुळे आमच्या घरात वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. सासूबाईंना दोन्ही भाषा उत्तम येतात. तरीही मधली दोन वर्षं त्या या गोतावळ्यात एकट्या पडल्या होत्या, हे आम्हांला फार उशिरा कळलं.

सुरुवात कानातल्या आवाजाने झाली. "कुकर बंद कर गं," म्हणायच्या; गॅसवर कुकरच नसायचा. पुढे ऐकूही कमी येऊ लागलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून वयोमानाचा बहिरेपणा सांगितला, श्रवणयंत्र दिलं. काम झालं, असं आम्ही समजलो.

यंत्र कपाटात गेलं. गुरुवारचं भजन सुटलं. जेवण कमी झालं, पहाटे तीनला त्या उठून बसू लागल्या. "आईंना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं," असं आम्ही हसत म्हणायचो.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी वेगळंच विचारलं, "आजी, झोप लागते का? कशात मन रमतं का?" सासूबाईंना रडूच कोसळलं. म्हणाल्या, "सगळे हसतात, तेव्हा मलाच हसतात असं वाटतं. मराठीत बोलताय की कन्नडात, हे कळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं."

कमी ऐकणारा माणूस अर्धे शब्द ऐकतो, उरलेले अंदाजाने भरतो. दोन भाषांच्या घरात हे कष्ट आणखी वाढतात. माणूस थकतो आणि मग चारचौघांत बसणंच टाळतो. थोर संगीतकार बीथोवेन यांनी १८०२ साली भावांसाठी लिहिलेल्या पत्रात हेच दुःख मांडलं होतं. 'मोठ्याने बोला' असं लोकांना सांगवत नाही, म्हणून ते माणसांपासून दूर राहत होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते 'वय झालं' म्हणून सोडू नये. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. सासूबाईंना मानसोपचारतज्ज्ञांनी औषध आणि समुपदेशन सुरू केलं. यंत्राची सवय रोज थोडा थोडा वेळ लावून केली. रात्रीच्या शांततेत शिट्टी जास्त छळते, म्हणून उशाशी रेडिओ हळू आवाजात ठेवला. आम्हीही शिकलो: ओरडायचं नाही, समोर बसून सावकाश बोलायचं, आणि एक वाक्य एकाच भाषेत पुरं करायचं.

घरात असं कोणी असेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही मिळते.

मागच्या गुरुवारी सासूबाई भजनाला गेल्या. शिट्टी अजून आहेच. "असू दे," म्हणाल्या, "टाळांच्या नादात तिची आठवण राहत नाही."