पन्नी आणि रक्ताची पिशवी

प्लास्टिकविना आजचा समाज जगेल का? आमच्या घुग्घुसात हे विचारा, पानठेलेवाला हसेल. सिमेंटची गोणी प्लास्टिकच्या धाग्यांची, अन् खर्रा घोटायचा तोही पन्नीत! पूर्वी इकडच्या पंगती पळसाच्या पत्रावळीवर बसत. पळस आजही जंगलात आहे. थर्माकोलची ताटं आली ती निव्वळ सोयीपायी.

पण दुसरी बाजू पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यातल्या कित्येक मुलांना रक्त चढवावं लागतं आणि ते येतं प्लास्टिकच्या पिशवीत. आधी काचेच्या बाटल्या होत्या. त्या फुटत, धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापराव्या लागत, त्यात संसर्गाची धास्ती. मऊ पिशवी यंत्रात फिरवली की तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे करता येतात. एका दात्याचं रक्त अनेकांच्या कामी येतं. या पिशवीला पळसाचं पान पर्याय नाही. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, तेव्हा औषधांचं वेष्टनही तिच्यातून वगळलं होतं, ते उगाच नाही.

खर्‍याची पन्नी मात्र घटकाभराच्या चवीसाठी नालीत पडते आणि पावसाळ्यात वर्धा नदीची वाट धरते. तिथे पान चालेल. खर्राच सुटला तर आणखी बरं!