घरी जायला निघालेल्या माणसाची खाट

रुग्णालयाला खाटा किती लागतील? प्रश्न मोठा वाटतो, पण त्याच्या मुळाशी साधा गुणाकार आहे. रोज ४० रुग्ण दाखल होतात, प्रत्येक जण सरासरी ५ दिवस राहतो, म्हणजे सरासरी २०० खाटा भरलेल्या. ओघ असाच राहिला, तर कोण दोन दिवसांत घरी गेलं आणि कोण पंधरा दिवस राहिलं, याचा वेगळा हिशेब लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे सूत्र सिद्ध केलं. बँकेतली रांग असो की वॉर्ड, ते सगळीकडे लागू पडतं! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदावर आकडे मांडत बसलो होतो.

असाच साधा गुणाकार ऑक्सिजनलाही लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचं जंबो कोविड रुग्णालय उभं राहिलं. त्यातल्या ६०० खाटा ऑक्सिजनच्या. एका रुग्णाला मिनिटाला ५ लिटर धरले, तरी दिवसाचे ७,२०० लिटर होतात, म्हणजे जवळपास एक जंबो सिलिंडर. या सगळ्या सहाशे खाटा भरल्या तर रोज सहाशे सिलिंडर! आणि हाच ऑक्सिजन द्रवरूपात आणला तर भरतो सुमारे ५,००० लिटर. एका टँकरच्या पोटात मावेल इतकाच.

पण उद्या रुग्ण किती येतील? त्यासाठी त्या काळात टीसीएसच्या संशोधकांनी संगणकात पुण्याचं जुळं शहर वसवलं. त्यातल्या माणसांना वय होतं, घर होतं, कामाची जागा होती. ती बाहेर पडायची, एकमेकांना भेटायची, त्यातली काही आजारी पडायची. निर्बंध सैल केले तर काय होईल, हे खऱ्या पुणेकरांच्या जिवावर न बेतता तिथे पाहता येत होतं. मला यातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

आता पुन्हा वॉर्डात या. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." मग फाइल खाली जाते, औषधं परत होतात, बिल बनतं, विम्याची मंजुरी येते. आजोबा कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवरच बसलेले. चार वाजता मावशी चादर बदलतात. सहा तास गेले. रोज अशा ४० जणांचे सहा-सहा तास मिळून २४० तास, म्हणजे पूर्ण दहा खाटा. खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर कुणीतरी त्यातल्याच एका खाटेची वाट बघत असतं.